पालकाचा रकाना

हिवाळ्यात अमरावतीच्या हवेला सरकीचा वास असतो. तेलकट, किंचित उग्र, एकदा नाकात बसला की दिवसभर हलायचं नाव न घेणारा. जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत माझी भाड्याची खोली होती, आणि सकाळच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत येऊन माझ्या दीड वर्षाच्या मंदाच्या केसांवर अलगद उतरत. साठ-एकसष्टचा सुमार असेल तो. ते शुभ्र अवतरण पाहत बसावं एवढी स्वस्थता मात्र माझ्यापाशी कुठली? मी विद्यार्थिनी होते आणि आईही होते, आणि एकच बाई एकाच वेळी या दोन्ही असू शकते हे सरकारी कागदाला ठाऊक नव्हतं.

पती चांदूर रेल्वे या गावी रुळांच्या कामावर होते. तापाचं निमित्त झालं आणि गेले. पुढे मला अध्यापन विद्यालयात प्रवेश मिळाला, पण फी आणि पुस्तकं भागवता भागवता माझ्या नाकी नऊ आले. मी वर्गात असताना मंदाला शेजारची खाला सांभाळी. विड्या वळून पोट भरणारी ही एकटी मुसलमान बाई. सांभाळण्याचे पैसे ठरलेले होते आणि दोन महिने मी ते देऊ शकले नव्हते. अशात विद्यावेतनाचा छापील अर्ज हाती आला. मूल सांभाळण्याच्या खर्चाला त्यात जागा नव्हती. पण फीचा भार उतरला असता, तर खालाचे पैसे देता आले असते. विद्यावेतन मिळालं तर शिक्षण, नाही तर परत चांदूर, इतकं ते सरळ होतं.

अर्जात एक रकाना होता: पालकाचे नाव. मी निःशंकपणे माझंच नाव लिहिलं! जी पालन करते ती पालक, एवढं व्याकरण मला येत होतं. विद्यालयाच्या कचेरीतल्या कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पालक तुमच्या पोरीचा नाही, तुमचा पायजे," ते म्हणाले. "अर्ज तिनं केला का तुमी?"

म्हणणं बिनतोड होतं. माझे आईवडील केव्हाच गेलेले. चांदूरला सासऱ्यांना पत्र टाकलं. ते मनाने वाईट नव्हते, पण शहरात परक्याच्या दारी नात वाढते हे त्यांना खुपत होतं. उत्तर आलं की मंदाला इकडे ठेव, मग सही करतो. म्हणजे शिकायचं तर लेक द्यायची, आणि लेक ठेवायची तर शिकणं सोडायचं! त्या दिवशी मी फार रडले, आणि खालाने कारण काढून घेतलंच.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती मंदाला कडेवर घेऊन माझ्याबरोबर आली आणि थेट मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या प्राचार्यांच्या, टेबलासमोर उभी राहिली. सही मी करते, म्हणाली. बाईंनी विचारलं, हिच्याशी तुमचं नातं काय? खालाला खोटं बोलता येत नसे. नातं काही नाही, पैसे घेऊन पोरगी सांभाळते, दोन महिन्यांचे यायचे आहेत, असं तिने सांगून टाकलं.

बाईंनी अर्ज पुढे ओढला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तू यांना हाक काय मारतेस? मी म्हटलं, खाला.

"खाला म्हंजे मावशी," बाजूच्या टेबलावरचे ते कारकून मान खाली घालूनच पुटपुटले. "मावशी चालते रकान्यात, बाई."

बाईंनी टाक माझ्या हाती दिला. दिवसातून दहादा तोंडी येणाऱ्या त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. नात्यापुढे मी 'मावशी' लिहिलं आणि खालाने उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली. खोटं होतं का ते? अजून मला ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची फारशी इच्छाही नाही.

विद्यावेतन मंजूर झालं. पहिली रक्कम हाती येताच मी खालाचे थकलेले पैसे दिले. तिने ते संकोच न करता घेतले, पदराच्या गाठीला बांधले, आणि मंदाला माझ्या कडेवरून ओढून घेत घड्याळाकडे बोट दाखवलं.

"आता मी तुही पालक हाय. वर्ग बुडवशील, त मलेच बलावतील."

आईवडील गेल्यानंतर प्रथमच कुणीतरी मला रागावत होतं. मी पुस्तकं उचलली आणि निघाले.