पोस्टकार्डावरची मापं

दुकानांच्या पाट्या मोजणं ही माझी नोकरी होती. पाटी किती लांब, किती उंच, भिंतीपासून किती पुढे आली आहे, तिच्यावर दिवे कसले आहेत, हे सगळं परवान्याच्या कागदाशी ताडून पाहायचं आणि जास्त असेल तर नोटीस द्यायची. मी नागपूरकडून पुण्यात आले तेव्हा शहरभर नव्या पाट्या लागत होत्या. चौकाचौकात संगणकाचे क्लास निघाले होते, एसटीडी बूथवाले मोबाइल विकायला लागले होते, आणि प्रत्येकाला आतून उजळणारी पाटी हवी होती. हाताने रंगवलेली पाटी कोणालाच नको होती.

मी टेप घेऊन दुकानासमोर उभी राहिले की दुकानदाराच्या चेहऱ्यावर आधी एकच शंका दिसे, की हिला नक्की काय हवंय. आडनाव विचारलं जाई. ते ऐकून एखादा क्षणभर थांबे आणि मग चहा मागवू का, असं विचारी. मी चहा घेत नसे. त्यामुळे शंका आणखी वाढे.

एका दिवाळीनंतर माझ्या टेबलावर पोस्टकार्डं यायला लागली. सगळी एकाच रस्त्याबद्दल. खाली सही नाही, पत्ता नाही. ‘चष्म्याच्या दुकानाची पाटी भिंतीपासून ३ फूट ९ इंच पुढे. कृपया मोजावी.’ पुढच्या आठवड्यात मिठाईवाल्याची, मग झेरॉक्सवाल्याची. मी जाऊन मोजलं की माप बरोबर निघे. अर्ध्या इंचाचाही फरक नसे. खोडसाळ तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्यात माप कधी बरोबर नसायचं. या पत्रांचा मला म्हणूनच संशय आला. इतकं अचूक मोजायला माणूस या धंद्यातला हवा.

त्या रस्त्यावरचे दुकानदार आधी एकमेकांवर संशय घेऊ लागले. मिठाईवाला झेरॉक्सवाल्याशी बोलेनासा झाला. नंतर सगळ्यांचा संशय माझ्यावर आला. चष्मेवाले काका तर तोंडावरच बोलले. मी त्यांच्या दारात नोटीस लिहीत होते. ते काच पुसत म्हणाले, “मॅडम, ही पत्रं आपण ऑफिसात बसून लिहिता, की घरी?”

मी नोटीस त्यांच्या हातात ठेवली. पण तेव्हाच ठरवलं, की हा माणूस शोधायचा.

पहिला संशय माझ्या वरिष्ठांवर गेला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अगदी कमी बोलणारे गृहस्थ. माझ्याआधी तो रस्ता त्यांच्याकडे होता, आणि तो माझ्याकडे आल्याचं त्यांना आवडलेलं नव्हतं, असं मला वाटे. एके दुपारी ते जेवायला गेल्यावर मी त्यांच्या कपाटातून जुन्या फायली काढल्या आणि अक्षर ताडून पाहू लागले. अक्षर जुळत नव्हतं. मी फाइल मिटत होते तेवढ्यात ते परत आले. काही शोधताय का, असं त्यांनी विचारलं. जुना परवाना पाहत होते, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कपाटाला कुलूप दिसायला लागलं.

पुढच्या पोस्टकार्डावर मापाबरोबर एक छोटी आकृतीही होती. भिंत, पाटी आणि दोघांमध्ये दोन्ही टोकांना बाण असलेली बारीक रेघ. इंग्रजी सातच्या आकड्याला मध्ये आडवी दांडी. असे आकडे मी इमारतींच्या नकाशांवर पाहिले होते. म्हणजे हा माणूस नकाशे काढणारा होता. आणि तो पत्र लिहायच्या आदल्या दिवसांत कधीतरी रस्त्यावर येऊन मोजत असणार. दुकानं उघडी असताना तर शक्यच नव्हतं.

मग मी कोणाला न सांगता तीन दिवस सकाळी साडेसहाला तिथल्या बसथांब्यावर जाऊन बसले. पहिले दोन दिवस दूधवाले, पेपरवाले आणि फिरायला निघालेले आजोबा दिसले. तिसऱ्या दिवशी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. आभाळ स्वच्छ होतं, पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. माझं लक्ष छत्रीवरच राहिलं. मोबाइलच्या दुकानापाशी त्या थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मिटलेली छत्री उंच धरून तिचं टोक पाटीच्या कडेला लावलं. छत्रीच्या मुठीला दोरा होता, दोऱ्याला किल्ली. ओळंब्यासारखी लोंबणारी किल्ली स्थिर झाल्यावर त्यांनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि भिंतीपासून किल्लीपर्यंत मोजलं.

मी रस्ता ओलांडून त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले.

“काकू, किती भरलं?”

त्या दचकल्या. मी दूध आणायला आले होते, असं म्हणाल्या. मी परवाना कार्यालयातली, आणि पोस्टकार्डं माझ्याकडेच येतात, हे मी सांगितलं. त्यांनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. “इथे नको. वर या,” एवढंच म्हणाल्या.

घर समोरच, पहिल्या मजल्यावर. आतल्या खोलीत त्यांचे यजमान झोपलेले होते. अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. बाई एका कारखान्यात ड्रॉइंगच्या विभागात होत्या, चोवीस वर्षं. मग नकाशे संगणकावर निघू लागले आणि त्यांच्या विभागातल्या बहुतेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात त्याही होत्या. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर त्यांच्या खिडकीसमोर, संगणकाच्या क्लासची मोठी पाटी होती. मला लगेच वाटलं, की सगळा राग संगणकावरचा आहे. तसं मी थोडं आडून विचारलंही.

“राग कसला? माझी मुलगी त्याच कामात आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही संध्याकाळी या. दिवे लागल्यावर बोलू.”

संध्याकाळी गेले. क्लासच्या पाटीभोवती दिव्यांची माळ होती. आधी लाल, मग निळी, मग सगळी विझायची आणि पुन्हा लाल. आतली खोली तिच्याबरोबर लाल आणि निळी होत होती. यजमानांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं आणि डोळ्यांवर घडी घातलेला पंचा होता. जाड पडदा का लावत नाही, असं मी विचारलं. माझा विश्वास अजून बसला नव्हता. त्यांनी दोन पडदे दाखवले. ते ओढले की आत वारा येत नसे आणि यजमानांचा जीव घाबरा होई.

वर्षापूर्वी त्यांनी नाव-पत्ता घालून आमच्या कार्यालयात या दिव्यांची तक्रार केली होती. पाटी मंजूर मापात आहे, असं उत्तर आलं. दिव्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी क्लासचे मालक पेढे घेऊन वर आले. काकू, काही त्रास असेल तर आधी मला सांगायचं, असं अगदी गोड बोलून गेले. त्या आठवड्यात माळेची आणखी एक रांग चढली.

“माझं नाव त्यांना कोणी सांगितलं?” त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “एकाच पाटीची तक्रार केली की कोणाची ते कळतं. म्हणून सगळ्यांच्या करायच्या ठरवल्या. क्लासची शेवटी करणार होते.”

नाव आमच्याच कार्यालयातून फुटलं असणार, म्हणून मला त्यांच्यापुढे मान वर करता येईना. चष्मेवाले काका, मिठाईवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांना नोटिसा मात्र मी दिल्या होत्या.

नियमात लुकलुकणाऱ्या दिव्यांना मनाई होती. पाट्यांची मापं मोजण्याच्या नादात ते कलम आम्ही क्वचितच काढत असू. दोन दिवसांनी मी क्लासवर जाऊन नोटीस दिली. दिवे स्थिर ठेवावेत आणि क्लास सुटला की बंद करावेत. मालकांनी नम्रपणे विचारलं, तक्रार कोणाची? कोणाची नाही, मी स्वतः पाहिलं, असं मी म्हणाले. माळ उतरली. पण आठवड्याभरात त्यांनी माझ्याविरुद्ध वर लेखी दिलं, की या बाई एकाच रस्त्याला लक्ष्य करतात आणि त्यामागचा हेतू तपासावा.

माझ्याकडून खुलासा मागवला गेला. खरं लिहायचं तर काकूंचं नाव आलं असतं. मी ‘आकस्मिक तपासणी’ असं लिहून दिलं. वरिष्ठांनी तो कागद दोनदा वाचला.

“आकस्मिक? संध्याकाळी, स्वतःच्या वेळात?”

“हो साहेब.”

त्यांनी सही केली. त्यांना काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही. मी कोणाकडून तरी काही घेतलं, असं वाटलं असेल. आणि तो रस्ता त्यांच्याकडे असताना काकूंचं नाव त्यांच्याकडून फुटलं असेल का, हे मीही त्यांना कधी विचारलं नाही. पुढची सहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम केलं आणि एकमेकांशी फार जपून बोललो.

पोस्टकार्डं बंद झाली. त्या रस्त्याने जाताना एकदा काकू खिडकीत दिसल्या. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं, आणि ओळख न दाखवता आत निघून गेल्या.