दाराशी शिकवणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांच्या खोलीत नवी नर्स आली. डेल्फ्ट या डच शहरातलं ते शांत घर अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीच होतं. ताईंनी चादरीखालून हात काढून पुढे केला आणि म्हणाल्या, “हॅलो, आय ॲम वसुधा. नाइस टू मीट यू.” मग त्या मुलीचं नाव विचारलं, ते नीट जमेपर्यंत पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. मी बघतच राहिलो. जगाचा निरोप घ्यायला निघालेली ही बाई नवी ओळख करून घेत होती... त्याच आठवड्यात त्या गेल्या. बातमी कळली आणि आधी नाशिकला असलेली माझी आई आठवली. तिला कसं सांगायचं?

बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली होती. मी दिवसभर ऑफिसात. बेल वाजली की येणारा माणूस जाईपर्यंत ती श्वास रोखून सोफ्यावर बसून राहायची. कुणी इंग्रजीत काही विचारलं तर? दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, “अमोल, माझं तिकीट अलीकडचं कर. इथे मी मुकी झालेय रे.” तिला नाशिकच्या रिकाम्या घरात परत पाठवायला मन धजेना, मी तिकिटाचं पुढे ढकलत राहिलो.

तेव्हा मित्राने वसुधाताईंचं नाव सुचवलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, इथे पुरत्या मुरलेल्या. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना त्या इंग्रजी शिकवत, पण फक्त भेटण्याचं आणि निरोपाचं. “तीन महिन्यांत डच यायचं नाही, आणि इथे सगळ्यांना इंग्रजी येतं. दार उघडता आणि लावता आलं की पुरे,” म्हणायच्या. वर्गही दारातच भरायचा. ताई स्वतः बाहेर उभ्या राहून बेल वाजवत आणि एकेकाने दार उघडायचं. ‘हाउ आर यू?’ विचारलं की आमची मंडळी इमानदारीत गुडघेदुखीपासून सुरुवात करायची. “‘फाइन, थँक यू’, एवढंच. गुडघे नंतर चहाबरोबर मला सांगा,” असं ताईंचं उत्तर. निघताना चपला घालून उंबऱ्यात अर्धा तास बोलत राहायची आपली सवयही त्यांनी मोडायला घेतली. ‘सी यू सून’ म्हणायचं आणि खरोखर निघायचं! ते त्यांना स्वतःला मात्र कधीच जमलं नाही.

आईची गाडी पहिल्याच वाक्याला अडली. “आय ॲम अमोल्स मदर.”

“ते नातं झालं. तुमचं नाव?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. ती पुटपुटली, “कुसुम.”

“मग कुसुम म्हणूनच हात पुढे करायचा,” ताई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात शेजारणीचा वाढदिवस होता. इथे अशा वेळी खुर्च्या गोलाकार मांडतात आणि आलेल्या पाहुण्याने एकेकाशी हात मिळवून आपलं नाव सांगायचं असतं. आईने पदर सावरला आणि “आय ॲम कुसुम, नाइस टू मीट यू” करत अख्खा गोल पालथा घातला. त्या भरात शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्याशीही हात मिळवून नाव सांगितलं! माझे डोळे भरून आले. तिकीट बदललं नाही.

ताई गेल्याचं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “तिच्या मुलीशी बोलायचंय मला.” इरा इथेच वाढलेली, मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच. अंत्यविधीनंतर मी ताईंच्या घरी गेलो, व्हिडिओ कॉल लावून फोन इराच्या हातात दिला. मनात धाकधूक होती. सांत्वनाची वाक्यं ताईंनी शिकवलीच नव्हती.

“इरा, आय ॲम कुसुम,” आई म्हणाली आणि अडली. मी मदतीला धावणार, तेवढ्यात तिने हातानेच मला थांबवलं. “युवर मदर...” तिने डोळे पुसले. “माय फ्रेंड.”

आईला जावा होत्या, शेजारणी होत्या, भिशीतल्या बायका होत्या. कुणाला मैत्रीण म्हणताना मी तिला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दिवसभर हसतमुखाने सगळ्यांना कॉफी देणारी इरा तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून रडू लागली. इराचं रडणं थांबेपर्यंत आई पडद्यावर तशीच बसून राहिली.