तिसरा प्रश्न

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो. कथा वाचताना विचारायचे म्हणून मी मुलांना तीन प्रश्न दिले होते. कोण सांगतंय? त्याला कशावरून माहीत? आणि तो काय सांगायचं टाळतोय? डेस्कवर बातमी तपासताना मी हेच विचारत असे.

शेवटच्या वर्षाला मराठी विशेष घेतलेली दहा मुलं होती. एक जरी कमी झालं तरी विषय बंद होणार होता. मी तासिका तत्त्वावर होतो. विषयाबरोबर माझी नोकरीही जाणार होती.

त्या दहांतली एक मुलगी वैरागची. शुक्रवार पेठेत मामाकडे राहायची. गाईड न उघडता उत्तर लिहिणारी ती एकटीच. एका कथेतला नवरा मेलेल्या बायकोसाठी पानंच्या पानं रडतो. तिने विचारलं, "सर, तिला दवाखान्यात कधी नेलं, हे ह्यानं कुठंच का सांगितलं नाही?" त्या तासाला मी पुढे काही शिकवलं नाही.

दिवाळीनंतर ती आठवडाभर आली नाही. मग वडीलच तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले. श्रीपूरच्या साखर कारखान्यातला मुलगा तिला बघायला आला होता. कायमची नोकरी आहे, असं मध्यस्थ म्हणाला. चहाचा ट्रे हातात असतानाच तिने विचारलं, "कशावरून? ऑर्डर बघितली का तुम्ही?" पाहुणे पोहे टाकून उठले.

"मग कायम आहे का तो?" मी विचारलं.

"हंगामी हाय. आमाला ठाव न्हाय व्हय? समद्यांना ठाव हाय की. पर तोंडावर इचारायचं असतं का, सर?" वडील म्हणाले. "पावणं परत यायला तयार हायेत. हिनं चुकलं म्हणावं. म्हणली तर परीक्षा देऊ दे, न्हाय तर आजच दाखला द्या. माजं ऐकत न्हाय. म्हणती, सरांनी शिकवलंय. आता तुमीच सांगा."

शेजारच्या टेबलावरचे सहकारी हसले. "घ्या पत्रकार, तुमचं पीक आलं."

मी तिला म्हणालो, "ते प्रश्न पुस्तकापुरते असतात. घरात विचारायचे नसतात. माफी माग. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

तिने मान वर केली. "आणि काय सांगायचं टाळताय, सर?"

वर्गात किती मुलं आहेत, हे तिलाही माहीत होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

वडिलांनी तिचा दंड धरला. "सरांना उलट बोलती व्हय गं?" मग त्यांनी मला हात जोडले.

तिने पाहुण्यांची माफी मागितली. लग्न परीक्षेनंतरचं ठरलं. विषय चालू राहिला. ती रोज यायची, मागच्या बाकावर बसायची. एकदा मी तिला उभं केलं आणि विचारलं, या निवेदकावर विश्वास ठेवावा का?

"ठेवावा," ती म्हणाली आणि बसली. बाकीची नऊ हसली.

अंतर्गत परीक्षेचे पेपर मीच तपासले. तिची चारही उत्तरं गाईडमधली होती, स्वल्पविरामासकट. वर्गात सर्वांत जास्त गुण मी तिला दिले.