पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की

रविवारची भक्ती संपली की आमच्या सोलापूरच्या चर्चबाहेर लिंबाखाली चहा होतो, आणि चहाबरोबर पाळकसाहेबांचा विषय निघतोच. मी इथं बरीच वर्षं पेटी वाजवतोय. पेटीवाल्याला पुलपिटाशेजारी, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याला लागूनच, बसायला मिळतं, त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा जास्तच!

*

एकदा मे महिन्यात ऐन उपदेशात लाइट गेली. पंखे बंद, माइक बंद. साहेब आता आटोपतील म्हणून लोक सावरून बसले. साहेब पुलपिटावरून उतरले आणि बाकांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"बरं झालं! तिथून नुसती गर्दी दिसत होती. इथून माणसं दिसतात!"

आमचे शेवटच्या बाकावरचे ठरलेले डुलकीवालेसुद्धा त्या दिवशी ताठ बसले होते.

*

कुर्डुवाडीजवळच्या एका वस्तीवर झाडाखाली सभा होती. पलीकडच्या बांधावर एक मेंढपाळ मेंढरं चारत उभा. साहेब हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत होते. धनी त्या एकाच्या शोधात निघाला, इथपर्यंत आले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. साहेब पाणी पितायत तोच बांधावरून आवाज आला,

"ओ म्हाराज, पाणी मागनं प्या की! मेंढरू घावलं का न्हाय, ते आदी सांगा!"

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. "घावलं. खांद्यावर घेऊन घरी आणलं."

"लई भ्या वाटलं हुतं," म्हणत तो आला आणि सतरंजीवर बसला.

*

एका नव्या उपदेशकानं विचारलं, "सर, उपदेश किती मिनिटांचा असावा?"

"घरी जाऊन काय करायचं, ते लोकांना कळेपर्यंत."

"आणि नाहीच कळलं तर?"

"तर ते आपल्यालाच कळलेलं नसतं. खाली बसावं!"

*

विणकरांच्या वस्तीत तेलुगू बोलणारी मंडळी जास्त. तिथं राजय्यामामा साहेबांचं एकेक वाक्य तेलुगूत सांगायचे. त्या दिवशी उधळ्या पुत्राची, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची गोष्ट होती. "मुलगा लांबूनच दिसला आणि बाप धावत सुटला," साहेब म्हणाले.

मामांच्या तोंडून तेलुगू निघेना. त्यांचा स्वतःचा मुलगा भांडून घर सोडून गेलेला, सगळ्या वस्तीला ठाऊक. साहेब मामांच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

मग मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "अर्थमैंदी, राजय्या."

म्हणजे, समजलं.

*

आणि हा क्षमेवरचा उपदेश. साहेबांचे थोरले भाऊ शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहतात. आईच्या मातीच्या दिवशी दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद, एवढं आमच्या कानावर होतं.

"पहिला मुद्दा," साहेब म्हणाले, "देवापाशी येण्याआधी भावापाशी जा." आणि थांबले. मग बायबल मिटलं.

"मंडळी, मला हे पुढं सांगता येत नाही. जाऊन येतो."

पांढऱ्या झग्यातच बाहेर गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीतरी गीत धरलं, मी पेटी ओढली. ते संपलं की दुसरं. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेजली, बायकांनी पिशवीतली बिस्किटं वाटली. पण उठून घरी कुणी गेलं नाही!

अखेर साहेब घामाघूम होऊन दारात आले. मागं पांढऱ्या मिशांचे, डोळे पुसत येणारे एक गृहस्थ. चेहरा थेट साहेबांचाच! साहेबांनी त्यांना हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं, पुलपिटावर चढले, बायबल उघडलं.

"दुसरा मुद्दा," म्हणाले.