चोचीखालचा ओघळ

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका काचसामानाच्या दुकानदारानं मला भर दुकानात ऐकवलं, की दोष कपात नाही, माझ्या हातात आहे. ते मी विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

मी लोणची करते. नवऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही कराडहून चेन्नईला आलो. कारखान्यातल्या मराठी पोरांना घरचं लोणचं दे, म्हणून सुरुवात झाली. आज भाड्याचं स्वयंपाकघर आहे आणि कैऱ्या फोडायला दोन बायका येतात. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. कैरीपासून जागेच्या भाड्यापर्यंत प्रत्येक गोष्ट मी भांडून मिळवली आहे, आणि लोणच्याच्या धंद्यात हात हेच भांडवल असतं. हात बिघडला म्हटलं की सगळंच बिघडलं.

त्या दुकानात मला नेलं अक्कांनी. त्या एग्मोरच्या जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. लग्नाच्या जेवणाची कामं घेतात. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि चाल तमिळची, वाक्याच्या शेवटी सूर असा वर जातो की साधी गोष्टही विचारल्यासारखी वाटते. त्यांच्या पंगतीला माझं लोणचं लागलं तर माझं वर्ष निघतं, म्हणून पहिल्या बरण्यांसाठी मी मुद्दाम काचेचे मेजरिंग कप घेतले. जाड काच, दणकट कान, बाहेरून लाल रेघा. भाव मी चांगलाच पाडला होता. दुकानदाराला सगळे अण्णाची म्हणतात. त्यानं कप बांधून देताना सुस्कारा टाकला, तो मला फार गोड वाटला.

लोणचं भरलं की वरून गार केलेलं तेल ओततात. फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. मी कप तिरका केला. थोडं तेल बरणीत गेलं आणि थोडं चोचीखालून मागे वळून, कपाच्या पोटावरून खाली ओघळलं. तिथून बरणीच्या बाहेरच्या अंगावर. प्रत्येक बरणीला तेच. पुसून पुसून फडकी तेलानं जड झाली, लेबलं सरकून खाली आली. अक्कांकडे माल पोचला आणि त्यांच्या रेशमी साडीला डाग पडला.

त्यांचा फोन आला. ‘‘लोणचं बरणीच्या आत घालतात गे, बाहेर नव्हे.’’

मग सल्ले सुरू झाले. नवरा म्हणाला, चोचीखाली जरा तूप लाव. तेलाला तूप? कैऱ्या फोडणाऱ्या बायका म्हणाल्या, चोचीला चमचा टेकवून ओत. म्हणजे एका हातात कप, दुसऱ्यात चमचा, आणि बरणी धरायला शेजारीण बोलवायची. या गावात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे: ‘कोंजम अ‍ॅडजस्ट पण्णुंगो.’ जरा सांभाळून घ्या. नळाला पाणी नाही, सांभाळून घ्या. रिक्षावाला वळसा घालून नेतो, सांभाळून घ्या. माप ओतायलाच कप केला आणि तो ओततच नाही, तरी मीच सांभाळून घ्यायचं! मी नाही घेतलं.

कप घेऊन दुकानात गेले. अक्कांना ताटं बघायची होती, त्याही आल्या. अण्णाचीनं माझं बोलणं ऐकून घेतलं, कपात पाणी भरलं, आणि इथले लोक गिलासातली कॉफी खालच्या पसरट वाटीत, डबऱ्यात, उंचावरून ओततात तसा हात खांद्यापर्यंत वर नेला. लांब, सरळ धार. थेंब नाही. मग चोचीखाली बोट फिरवून ते कोरडं बोट सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं.

‘‘कपाला काय झालंय? अम्मा, हात नीट नाही तुमचा. ओतायला सवय लागते.’’

लोक हसले. अक्काही हसल्या. परतताना रिक्षात त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. ‘‘हात थरथरतो की काय गे तुझा? खरं सांग. वैशाखात लग्नं आहेत. तुला जमायचं नसेल तर मी दुसरीकडे बघते.’’

तोंडावर आलेलं उत्तर दिलं असतं तर रिक्षातून उतरावं लागलं असतं.

घरी येऊन मोरीपाशी उभी राहिले आणि तो कप भरत नि ओतत राहिले. अण्णाचीसारखा वरून, झपकन, सगळा एकदम रिकामा केला की ओघळ नाही. माझ्यासारखा हळू ओतला, आणि मधेच थांबवला, की ओघळ. म्हणजे तो खोटं बोलला नव्हता, आणि मीही नव्हते. लहानपणापासून उंचावरून कॉफी ओतणाऱ्या, ओठ न लावता वरून पाणी पिणाऱ्या माणसाला हा कप कधीच दगा देणार नाही. पण माप कुणी एका दमात रिकामं करतं का? मग त्या लाल रेघा काय शोभेला काढल्या आहेत?

पुढच्याच शनिवारी पुन्हा गेले. पिशवीत तोच कप, तिळाच्या तेलाची बाटली आणि एक निमुळत्या तोंडाची बरणी. अक्कांना घरून उचलून नेलं. दुकान भरलेलं होतं, आणि मला ते तसंच हवं होतं.

‘‘अण्णाची, आज पाणी नको. हे तेल. कप भरा, निम्मं या बरणीत ओता आणि रेघेवर थांबा.’’

त्यानं सवयीनं हात वर नेला. बरणीचं तोंड पाहिलं आणि हात खाली आणला. हळू ओतू लागला. रेघ आली तसा त्यानं कप सरळ केला. चोचीखाली जमलेलं तेल क्षणभर तिथंच थांबलं, मग लाल रेघांवरून, कपाच्या कानावरून, त्याच्या बोटांमधून निघालं ते थेट मनगटावरच्या सोनेरी घड्याळापर्यंत.

‘‘हात नीट नाही तुमचा,’’ मी म्हटलं. माझं तमिळ बाजारातलं, मोडकंतोडकं. पण हे वाक्य मी घरापासून घोकत आले होते.

‘‘अय्यो, आधी घड्याळ काढा!’’ अक्का ओरडल्या, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की त्या ताटांच्या चळतीला टेकल्या.

‘‘जाड काच आहे. जाड काच असं करतेच,’’ अण्णाची फडकं शोधत म्हणाला. ‘‘पैसे घ्या आणि जा, अम्मा.’’

‘‘पैसे नकोत. हाताबद्दल बोललात ते परत घ्या. आणि न ओघळणारा कप द्या.’’

पहिलं त्यानं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यासाठी फळ्यांवरचा एकेक कप उतरवला. मी प्रत्येकात तेल घालून हळू ओतलं, थांबवलं. सगळे ओघळले. शेवटी माळ्यावरून एक खोका निघाला. आत पातळ काचेचा, हिरवट, कुरूप कप होता. चोच धारदार आणि खाली वळलेली. ओतला, थांबवला. चोचीखाली बोट फिरवलं. कोरडं. ते बोट मी सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं.

‘‘हा कुणी घेत नाही,’’ अण्णाची म्हणाला. ‘‘चोच टवकते.’’

‘‘मग स्वस्त असेल.’’

‘‘जिंकलात तरी घासाघीस करता?’’

‘‘तेव्हाच तर करायची असते.’’

दुकानाच्या पायरीवर अक्का म्हणाल्या, ‘‘वैशाखाची सगळी लोणची तूच घाल.’’ मग चपला घालताघालता, ‘‘पण बरण्या पुसून पाठव हां.’’

चोच अजून टवकलेली नाही. मी तो कप स्वतः धुते, कुणाला हात लावू देत नाही. त्या दुकानात मात्र जाते. मला पाहिलं की अण्णाची न सांगता पाण्याचा जग काउंटरवर ठेवतो, आणि मी ओतून बघितल्याशिवाय काही घेत नाही. परवा दुपारी गेले तेव्हा तो एकटाच होता. मी किटली तिरकी केली, थांबवली, पुन्हा तिरकी केली. तो बघत राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘तुमचा हात चांगला आहे, अम्मा.’’

मी वळून पाहिलं. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

‘‘शनिवारी गर्दी असते ना?’’ मी किटली खाली ठेवत म्हटलं. ‘‘तेव्हा येते. तेव्हा म्हणा.’’