आत्याची साक्ष आणि मी खाल्लेला रोडगा

डिसेंबरात अकोल्याला जायचं ठरलं तेव्हा ऑफिसात मी "गावाकडे हुरडा खायला चाललोय" असं ठोकून दिलं. खरं कारण सांगायची भीती वाटली, आणि पुढचे तीन दिवस ती वाढतच गेली. अकोट तालुक्यातल्या आमच्या गावात माझी कमलआत्या राहते, तिचं माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच. काही वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या रस्त्यावरून तिथे वाद झाला आणि भर दुपारी गावातल्याच लोकांनी आमच्या बौद्ध वस्तीतली घरांची अख्खी ओळ पेटवून दिली. आत्याचा धाकटा दीर घरात झोपला होता, तो त्यातच गेला. खटला आता अकोल्याच्या कोर्टात उभा राहिलाय आणि आत्या सगळं प्रत्यक्ष पाहिलेली साक्षीदार. वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सोबतीला मी. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. समजून घ्या.

पुण्याहून रात्रीची गाडी घेतलीत तर सकाळी अकोला येतं. स्वेटर घ्याच, पहाटे थंडी हाडांत शिरते. स्टेशनबाहेरून स्टँडपर्यंत शेअर ऑटो, स्टँडवर गरम आलूबोंडा, आणि अकोटच्या एसट्या भरपूर. रस्ता ठीक आहे, पण कापसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलात की दीड तासाचे दोन तास झालेच म्हणून समजा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पिवळी पडत चाललेली तूर, बाभळींच्या काट्यांना लटकलेला कापूस. एरवी मी फोटो काढून काढून फोनची बॅटरी संपवली असती. अकोटहून पुढे आमच्या गावाला दिवसातून तीनच गाड्या आहेत. मला काळीपिवळी जीप मिळाली. गावाचं नाव सांगितल्यावर ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं.

"कोनाकडे जाऊन राहिले?"

"नातेवाईक आहेत," एवढंच म्हणालो.

आत्या दारातच उभी होती. चार वर्षांत निम्मी झालीय. ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढ्यात ठेवत तिने पहिली गोष्ट सांगितली, "उद्या सातच्या गाडीनं निंघाचं. आज कोठी फिरू नको." मी हो म्हणालो. आणि दुपारी ती जरा पडली तेव्हा फिरायला निघालो. पुण्यात वाढलेल्या माणसाला आपल्या अकलेवर फार भरवसा असतो.

जळालेल्या ओळीतल्या तीन घरांवर नवे पत्रे आलेत. बाकीच्या भिंती तशाच काळ्या आहेत आणि आत बोरी उगवल्यात. परत येताना एका शेतात आंब्याखाली पंगत बसलेली दिसली. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात होते. वऱ्हाडात येऊन रोडगे न खाता जाऊ नये. गव्हाच्या पिठाचे जाड गोळे असतात, आरात खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि जळजळीत वांग्याच्या भाजीशी खायचे. कडेला पांढऱ्या टोपीतले एक आजोबा उभे होते. "अरे, तू आमच्या रमेशचा पोरगा नं? ये बाबू, बस!" वडिलांचं नाव ऐकून मला बरं वाटलं. दोघांनी सरकून जागा केली. मी दोन रोडगे खाल्ले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, मी हसलोसुद्धा.

निघताना आजोबांनी खांद्यावर हात ठेवला. "बेस झालं. तुह्या आत्याले सांग, मातारपन याच गावात काढाचं हाय तिले."

मला त्यात माया ऐकू आली. शप्पथ.

घरी येऊन मी आत्याला कौतुकाने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पांडुरंगच्या पंगतीत बसला तू?"

पांढऱ्या टोपीतले ते आजोबा म्हणजे पांडुरंगकाका, माजी सरपंच. त्यांची दोन मुलं या खटल्यात आरोपी आहेत. आणि या गावात भांडण कसं मिटतं ते मला तेव्हा कळलं. कागद लागत नाही, सही लागत नाही. एका घरचा माणूस दुसऱ्या घरच्या पंगतीत जेवला की समेट झाला, मग पुढे बोलायचं नाही. पांडुरंगकाका इतकी वर्षं निरोपावर निरोप धाडत होते आणि आत्याने त्यांच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता.

"मले विचारलं कावून नाही तू?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला शेजारच्या शांताबाई आल्या. त्यांचीही साक्ष त्याच दिवशी होती. दारातूनच म्हणाल्या, "कमलबाई, तुमच्या घरानं खाल्लं. फोटो साऱ्यायच्या मोबाइलवर हाय. आता मी एकटीनं वैर कावून घेऊ? मले बी पोरी हायेत."

"माह्या घरानं नाही खाल्लं, या येड्यानं खाल्लं," आत्या म्हणाली.

"गावाले ते सारखंच."

कोपऱ्यावर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. त्यांच्यावरची पोरं नुसती आमच्या दाराकडे बघत बसली होती. मी दाराला कडी लावली आणि मग उगाच आणखी दोनदा तपासली.

सकाळची सातची गाडी वेळेवर आली. (बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा म्हणजे वाद नको.) आमच्या मागच्या सीटवर चारजण येऊन बसले. त्यातला एक पुढे वाकून म्हणाला, "आत्याबाई, खिडकीपाशी बसा नं, हवा येईन." अकोल्यापर्यंत ते एवढंच बोलले. उलट्या बोलांपेक्षा त्या अदबीचीच मला जास्त भीती वाटली. आत्या पदर घट्ट धरून बाहेर बघत होती.

कोर्टात आधी शांताबाई. त्या वेगळ्या जीपने आल्या होत्या. "धूर व्हता, मले काही दिसलं नाही," असं खाली बघून म्हणाल्या. साक्षीदार फितूर, अशी नोंद झाली. ती फितुरी माझ्या दोन रोडग्यांची होती. मग आत्या. तिने बोट करून चौघा आरोपींना ओळखलं, पांडुरंगकाकांच्या दोन्ही मुलांना धरून. आवाज कापत होता, बोट नाही.

आरोपींच्या वकिलांनी फोटोची प्रत पुढे केली. "हा तुमचा भाचाच ना? काल समेटाचं जेवण जेवला की नाही?"

"जेवला," आत्या म्हणाली. "लेकराले भूक लागली, त्यानं खाल्लं. जळला तो माहा दीर. त्याच्या वाटचं माफ कराले हा कोन, अन मी तरी कोन?"

मागच्या बाकावर बसून मी रडलो.

बाहेर सरकारी वकीलबाईंनी मला गाठलं. जेवायला कोणी बोलावलं, काय म्हणाले, ते लिहून द्याल का? साक्षीदारावर दबाव आणल्याचा अर्ज करता येईल, पण त्यासाठी तुम्हालाही उभं राहावं लागेल. 'मातारपन याच गावात' हे शब्द माझ्या कानात तेव्हाच फिरले आणि त्यांचा खरा अर्थ लागला. बसमधले ते चारजण पानटपरीपाशी उभे राहून बघत होते. मी म्हणालो, "मॅडम, माझी गाडी आहे संध्याकाळची." वकीलबाईंनी मान हलवली. आत्या एकटी अकोटच्या बसमध्ये चढली आणि मी स्टेशनकडे चालत सुटलो.

पुण्यात येऊन आठवडा झाला. काय राहिलं म्हणाल, तर भीतीच राहिली, फक्त आता तिची मला लाज वाटते. कोण कोणत्या कोर्टात न्याय देणार ते मला ठाऊक नाही, निकालाला वर्षं लागतील. पण गावाने माझ्या तोंडून समेट वदवून घेतला आणि मी तोंड पुसून घरी आलो, एवढं मात्र स्वच्छ कळतंय. आत्याला रोज फोन करतो. इकडे ये म्हटलं तर म्हणते, "मी गाव सोडलं तं लोक म्हनतीन, खोटं बोलली म्हनून पळाली."

काल तिला सांगितलं, गुरुवारचं तिकीट काढलंय, वकीलबाईंना लिहून द्यायला येतोय.

ती म्हणाली, "भेव लागते?"

"हो."

"मले बी लागते. ये. पन या टायमाले डब्बा घरून घेऊन ये."