गाठी सोडल्याशिवाय पॅकअप नाही

लांबूनच आमच्या दारात चपलांचा ढीग दिसला. अम्मी बरेच दिवस आजारी होती. जीप तशीच रस्त्यात सोडून मी पळत घर गाठलं.

"कोण गेलं?" मी ओरडलोच.

"आमी तुलाच इचारतोय, कोण गेलं?" इस्माईलचाचा म्हणाले.

आतून अम्मीचा आवाज आला, "मी हाय अजून! कुणीतरी च्याला दूध आणा, माणसं लई आल्यात."

घोटाळा माझ्या काखेतल्या पुडक्यानं केला होता. भोरच्या बाजारातून मी न शिवलेलं पांढरं कापड, कापूस आणि अत्तर घेतलं होतं. आमच्यात या तीन गोष्टी एकत्र घेतल्या की कशाला हव्यात असं कुणी विचारत नाही. जनाजा कधी, एवढंच विचारतात. मी डिझेल भरून येईपर्यंत बातमी मोहल्लाभर झाली होती.

"मग कापड कुणासाठी?" चाचांनी विचारलं.

"भुतासाठी, चाचा."

ओट्यावरचं कुणी हसलं नाही.

मी लोकेशन मॅनेजर. डायरेक्टरला डोळ्यांपुढे दिसणारी जागा प्रत्यक्षात शोधायची, तिच्या मालकाला राजी करायचं आणि शूटिंग संपल्यावरही त्याच गावात तोंड दाखवता येईल असं वागायचं, हे माझं काम. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. भोरला हिंदी-मराठी शूटिंगं नेहमीचीच. या वेळी मात्र मुंबईच्या पार्टीनं मलेशियाचं युनिट पाठवलं होतं. गोष्ट अशी, की मलेशियातलं एक कुटुंब आजोबांची कबर शोधत हिंदुस्थानात येतं आणि त्या कबरीतून भूत उठतं. भूत साधंसुधं नव्हे, कफनात गुंडाळलेलं. पाय बांधलेले, म्हणून उड्या मारत चालणारं.

चाचा म्हणजे जमातीतले वडीलधारे. कुणाच्याही घरी मयत झालं की आंघोळ घालण्यापासून माती देण्यापर्यंत सगळं तेच बघत. ते ताडकन उभे राहिले. "कफनाचा तमाशा करतूस व्हय रं? तुज्या अब्बाचं कफन म्या ह्याच हातानं बांधलंय."

मी पुडकं जीपमध्ये नेऊन ठेवलं. पण युनिट पानशेतला येऊन उतरलं होतं, वेल्ह्याकडच्या माणसांना मी काम कबूल केलं होतं आणि जमातीला दुखवून भोरात राहणं मला जमणार नव्हतं. यातलं काहीच सोडायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच डायरेक्टरला जीपमध्ये घातलं आणि चाचांच्या घरी नेलं.

डायरेक्टरचं नाव आझमान. बारीक, हळू बोलणारा माणूस. त्यानं सलाम केला, चाचांनी जबाब दिला, आणि त्यापुढचं सगळं माझ्या इंग्रजीवर आलं. ते किती दिव्य आहे हे विचारू नका.

"हे भूत तुम्हीच शोधून काढलं का?" मी विचारलं.

"नाही. म्हणजे आमच्याकडेही होतं, नाव वेगळं. बांधलेलं भूत म्हणायचो. आता पोरं त्याला पोचोंग म्हणतात. तो इंडोनेशियाचा शब्द, त्यांच्या सिनेमांतून आला."

मग त्यानं सगळंच सांगितलं. दोन्ही देशांची भाषा इतकी जवळची, की इंडोनेशियाचा सिनेमा त्यांच्या लोकांना डबिंगशिवाय कळतो. दुपारी टीव्हीवर मालिका तिकडच्या, रेडिओवर गाणी तिकडची. पोरं प्रेमात पडली की जकार्ताच्या ढंगात बोलायला लागतात. इंडोनेशियाचे भुताचे सिनेमे मलेशियात तुफान चालले, म्हणून आता त्याच्या प्रोड्यूसरलाही पोचोंगच हवा.

"आमची भोरची पोरं हिंदीत प्रेम करतात," मी म्हटलं. तो पहिल्यांदा हसला.

चाचांना मात्र हसू आलं नाही. "त्ये उठतंय कशापायी?"

आझमान म्हणाला, "कबरीत ठेवल्यावर कफनाच्या गाठी सोडायच्या असतात. याच्या कुणी सोडल्या नाहीत. माझ्या गाठी सोडा, हे सांगायला ते दारोदार फिरतं. लोक घाबरून पळतात."

चाचा पुढे सरकून बसले. "तिकडंबी गाठी सोडत्यात?"

"सोडतात."

"मंग त्ये बिचारं भूत कसलं? कुणाचं तरी काम ऱ्हायलंय."

चाचांनी अटी घातल्या. खऱ्या कबरस्तानात पाऊल टाकायचं नाही. दुआ-आयतींचा खेळ करायचा नाही. "आन् शेवटी गाठी सुटल्या पायजेत. त्या मी सोडणार. शब्द दे."

मी शब्द दिला. आझमाननंही मान हलवली. खरं तर त्याचा चेहरा खुलला होता. असा शेवट त्याच्याही मनात होता, पण प्रोड्यूसरपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती.

आता नकली कबरस्तान हवं. वेल्ह्याच्या अलीकडे बबन नावाच्या शेतकऱ्याचं पडीक रान मी आधीच हेरून ठेवलं होतं. तो ऐकायलाच तयार होईना.

"आज तुमी कबरी मांडणार. उद्या कुणी म्हनलं हितं कबरस्तानच हुतं, तर माज्या सातबाऱ्याचं काय?"

"अरे, प्लायवूड आणि थर्माकोल आहे रे!"

"त्ये तुमाला ठावं, मला ठावं. माज्या भावकीला कोन सांगणार?"

शेवटी असं ठरलं, की शूटिंग संपल्यावर सगळ्या भावकीला बोलवायचं आणि त्यांच्यासमोर बबननं स्वतःच्या हातानं कबरी उचलून टेम्पोत टाकायच्या. मग गडी खूश.

काम सुरू झालं. भर उन्हात शूट करायचं आणि निळ्या फिल्टरनं रात्र दाखवायची, याला आम्ही डे फॉर नाइट म्हणतो. कफनात गुंडाळलेला नट टणाटण उड्या मारायचा, घामानं निथळायचा आणि बांधावरची माणसं पोट धरून हसायची. दोनदा तो तोंडावर आपटला.

शेवटच्या दिवशी चाचा धुतलेला कुर्ता घालून सकाळपासून बाभळीखाली बसले होते. आता त्यांचाच एक शॉट राहिला होता, गाठी सोडण्याचा. वेल्ह्याला तेव्हा मोबाईलची रेंज नव्हती. आझमान पानशेतला जाऊन फोन करून आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"प्रोड्यूसर म्हणतो, गाठी सोडायच्या नाहीत. इंडोनेशियाच्या सिनेमांत भूत शेवटी सुटत नाही. म्हणून त्यांचे दुसरे भाग निघतात. पॅकअप करा म्हणाला."

माझं डोकं फिरलं. बाभळीखाली म्हातारा माणूस माझ्या शब्दावर बसलाय, आणि हे दुसरा भाग काढतायत! मी काही बोललो नाही. रानातून बाहेर पडायला एकच कच्ची वाट होती. जीप नेली, वाटेवर आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली.

मुंबईचा प्रॉडक्शनवाला धावत आला. "रफिक, जनरेटरची गाडी कशी निघणार?"

"गाठी सुटल्या की निघेल."

"वेड लागलंय का तुला? पुढचं काम मिळणार नाही!"

"नको मिळू दे. चाचांना घेऊन मला भोरला परत जायचंय."

आझमाननं माझ्याकडे बघितलं, मग जीपकडे. कॅमेरामनला म्हणाला, "रोल."

नट खड्ड्यात डोळे मिटून निजला. चाचा उतरले. डोक्याकडची गाठ सोडली, मग मधली, मग पायाची. मला अब्बाची माती आठवली आणि मी सगळ्यांसमोर रडलो. आझमान कट म्हणायचंच विसरला. खड्ड्यातल्या नटानं उठून चाचांचा हात डोळ्यांना लावला. मी वाट मोकळी केली आणि बबननं भावकीसमोर कबरी टेम्पोत घातल्या.

काही महिन्यांनी सिनेमाची व्हीसीडी आली. कव्हरवर लाल अक्षरांत पोचोंग. आमच्या घरी सगळे बघायला जमले. भूत उड्या मारायला लागलं की चाचा शेंगदाणे खात खो खो हसायचे. शेवट आला. भुतानं डोळे उघडले आणि पडदा काळा झाला. चाचांचे हात कुठेच नव्हते. शॉट कापला होता.

मी लाजेनं मेल्यागत झालो. "चाचा, माझा शब्द..."

"गप ए," चाचा म्हणाले. "त्या पोराच्या गाठी म्या सोडल्या का न्हाई? त्यो मोकळा झाला. तुजा मालक बांधलेला ऱ्हायला, त्येला म्या काय करू?"

पुढे मुंबईहून फोन आला. सिनेमा चालला होता, दुसऱ्या भागासाठी तीच जागा हवी होती.

"यात गाठी सुटतात का?" मी विचारलं.

"कशा सुटतील? पुढे तिसरा भाग काढायचाय ना."

"मग भोर-वेल्ह्यात जागा नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. या धंद्यात एवढंच शिकलो: शब्द द्यायचा तो कॅमेऱ्यासमोर काय होईल याचा द्यावा. पडद्यावर काय दिसेल ते ठरवणारा दुसराच असतो.